त्यांची पुस्तकं वाचली, त्यांचं गाणं कधी ऐकणार?



मागच्या महिन्यात समुद्रपूरला विहारात चर्चा ठेवली होती. विषय दलित कविता आणि ब्लॅक कविता. बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते, दीड तास बोलले. लँग्स्टन ह्यूज झाला, रिचर्ड राइट झाला, बाल्डविन झाला. बोलले चांगलं, नाही म्हणत नाही. मी रातपाळी करून तसाच आलो होतो, मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा उभा राह्यलो अन् विचारलं, सर, ह्यूजच्या पहिल्या कवितासंग्रहाचं नाव 'द वेअरी ब्लूज', १९२६ सालचा. तर हे ब्लूज तुम्ही कधी ऐकलं काय? सर हसले. म्हणाले, तो संगीताचा प्रकार आहे, आपला आजचा विषय साहित्य आहे. पोरंही हसली. मी खाली बसलो.

हा लेख म्हणजे तेव्हा खाली बसलो त्याचं उरलेलं बोलणं.

आपण त्या लोकांकडून किती घेतलं ते बघा. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर. नावासकट घेतलं अन् ते लपवलं नाही. म. ना. वानखडे अमेरिकेत राहून आले आणि काळ्या लेखकांकडे बघा म्हणून सांगत राहिले. जनार्दन वाघमारेंनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' लिहिलं. हे सगळं झालं ते बरंच झालं. पण ज्या माणसांना अक्षर शिकवणं हाच तिकडच्या कितीतरी राज्यांत गुन्हा होता, त्यांचं साहित्य आधी कागदावर कुठून असणार? ते गळ्यात होतं. ब्लॅक पँथर पार्टीची तर स्वतःची गाणारी पार्टी होती, 'द लम्पेन' नावाची, १९७०-७१ सालात. पार्टीचं काम करणारीच पोरं गात होती. आपण त्यांचं नाव घेतलं, कविता घेतली, वर केलेली मूठ घेतली. कान तेवढा घेतला नाही.

आता माझं सांगतो, म्हणजे कोण बोलून राह्यला ते कळेल. हायवेच्या बाजूला सूतगिरणी आहे, तिथं मी रिंग फ्रेमवर आहे. दहावीनंतर शाळा सुटली. इंग्रजी येते ते मशीनवरच्या पाट्या वाचून अन् डिक्शनरी घेऊन. एक गाणं पुरतं समजायला मले आठवडा लागते. खात्यात आवाज एवढा की शेजारचा काय म्हणते ते ओठावरून ओळखायचं. कानात कापसाचा बोळा, पाळीभर. बाहेर आलो तरी कान वाजतच राहते. त्या कानानं ऐकलेलं मी लिहितो आहे. रागदारीवाल्यांनी आपलं वेगळं लिहावं.

सगळ्यात आधी चार्ली पॅटन ऐका. 'मिसिसिपी बो वीव्हिल ब्लूज', १९२९ साली रेकॉर्ड झालेलं. रेकॉर्ड जुनी, कढईत काही तळून राह्यले असा आवाज, त्याच्यामागून एक खरखरीत गळा. पहिल्यांदा मी अर्ध्यातच बंद केलं होतं. मग कळलं की हे गाणं कशावर आहे. कापसाच्या बोंडात अंडी घालणाऱ्या भुंग्यावर. हा भुंगा १८९२ च्या सुमाराला मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि पुढच्या तीस वर्षांत त्यानं अमेरिकेचा कापूसपट्टा पोखरला. त्यावर काळ्या लोकांनी गाणी केली, एक नाही, कितीतरी. लेडबेलीनंही गायलं आहे. आणि गंमत अशी की या गाण्यांत भुंगा हा दुश्मन नाही. तो बोलतो. तो घर शोधत फिरतो. जिथं टाकाल तिथं जगतो, मरतच नाही. शेत मालकाचं, कापूस मालकाचा, आणि तो खाणारा हा एवढासा काळा जीव. गाणारा त्याच्याकडे बघून कीव करत नाही की शिव्या देत नाही, ओळखीच्या माणसासारखा त्याच्याशी बोलतो. हे समजलं तेव्हा मी रातपाळीला हसत होतो, जॉबरनं विचारलं, काय झालं बे.

माझी माय कापूस वेचते. किलोच्या भावानं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपला सगळा इलाखा खाल्ला, ते तुमच्या ध्यानात असेलच. त्याच साली यवतमाळकडे फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी मेले, शेतमजूर मेले. ते शेतमजूर कोण होते हे मी या वाचकांना सांगायची गरज नाही. सांगा बरं, त्या अळीवर, त्या फवाऱ्यावर आपण एक तरी गाणं केलं काय? मी तरी ऐकलं नाही. आपल्याकडे गाणं म्हटलं की महापुरुष पाहिजे. अळी कशी चालणार?

आणि हे दूरचं नातं जोडून राह्यलो असं समजू नका. १८६१ साली अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावर यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, तेव्हा साहेबाची नजर वऱ्हाडावर अन् आपल्या वर्धेच्या खोऱ्यावर पडली. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावानं विकला जात होता. १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा काढला, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. ती रेल्वे माणसांसाठी नव्हती, गाठींसाठी होती. मिसिसिपीतल्या काळ्या माणसाच्या पायातली बेडी तुटली तेव्हा आपल्याकडे कापूस वाढला अन् मजूर त्यात गेला. एकाच तागडीची दोन पारडी. मग एका पारड्यातलं गाणं दुसऱ्या पारड्यातल्यानं ऐकू नये काय?

ब्लूजमध्ये पुढं कुठं जायचं तर मडी वॉटर्सकडे. हा माणूस मिसिसिपीत स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली अॅलन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गेला, याचं गाणं घेतलं आणि यालाच ऐकवलं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकल्यावर माणूस बदलते. दोन वर्षांत तो शिकागोला गेला अन् गिटारला वीज जोडली. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना म्हणून जोडली, शोक म्हणून नाही. ज्याला तुम्ही रॉक म्हणता ते तिथून निघालं. रोलिंग स्टोन्स या गोऱ्या पोरांनी आपलं नावसुद्धा मडीच्या १९५० च्या गाण्यावरून घेतलं. पैसा कोणाला किती मिळाला तो हिशोब तुम्हीच करा, आपल्याला सवय आहे.

आता गिरणीवाल्यांचं. नॉर्थ कॅरोलिनात गॅस्टोनिया म्हणून गिरण्यांचं गाव. १९२९ साली तिथं मोठा संप झाला. त्या भागात एला मे विगिन्स नावाची बाई सूतगिरणीत काम करत होती. गोरी, पण फाटकी. राहायची काळ्यांच्या वस्तीत. नऊ लेकरं, त्यातली चार डांग्या खोकल्यानं गेली. लेकरांकडे बघता यावं म्हणून दिवसपाळी मागितली तर फोरमननं दिली नाही. ही बाई युनियनमध्ये आली, काळ्या कामगारांना बरोबर घ्या म्हणून भांडली, अन् सभेत गाणी म्हणायला लागली. जुन्या डोंगरी चाली, शब्द नवे. १४ सप्टेंबर १९२९ ला सभेला जाताना तिला गोळी घातली. मारणारे सुटले. तिच्या आवाजातली रेकॉर्ड नाही. तिचं 'मिल मदर्स लमेंट' पुढं पीट सीगरनं गायलं, ते ऐका. आई कामावर निघाली आहे अन् लेकरं मागं आहेत, एवढंच गाणं. त्यात क्रांती हा शब्द नाही. मी रातपाळीला निघतो तेव्हा माझी पोरगी जागी असली तर दारापर्यंत येते, म्हणून ते गाणं मी सलग ऐकू शकत नाही.

त्याच गॅस्टोनियाच्या गिरणीतला डेव्ह मॅकार्न. त्याचं 'कॉटन मिल कॉलिक', १९३० चं. हे मात्र हसवणारं. पगार, उधारी, घरात येणारे वसुलीवाले. आमच्या खात्यात कोणी असं गाणं रचलं तर तिन्ही पाळ्या म्हणतील. मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा कविता झाली, गाणं झालं नाही. कविता मनात वाचता येते. गाणं दुसऱ्याच्या तोंडात बसावं लागते. हा फरक आपल्या मुक्तछंदवाल्यांनी, त्यात मी आलोच, जरा मनावर घ्यावा.

तर हे गोऱ्या गरिबांचं गाणं, ज्याला पुढं कंट्री म्हणून दुकान मिळालं, ते आपण ऐकावं काय? ऐकावं, पण डोळे उघडे ठेवून, कारण त्याच्यातही जात आहे. बँजो हे कंट्रीचं मानाचं वाद्य. ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचं. कार्टर फॅमिली हे कंट्रीचं आद्य घराणं, १९२७ पासूनच्या रेकॉर्डी. त्यांचा ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत फिरायचा तेव्हा त्याच्या बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला असायचा. सिमेंटच्या कारखान्यात त्याचा पाय गेला होता. शब्द लिहून घ्यायचं काम कार्टरचं, चाल ध्यानात ठेवायचं काम रिडलचं. रेकॉर्डवर नाव कार्टरचं. पठ्ठे बापूरावांच्या लावणीचा इतिहास वाचताना पवळाबाई आणि ढोलकीवरचे हात कितव्या पानावर येतात ते आठवा, म्हणजे हे समजावून सांगावं लागणार नाही.

डीफोर्ड बेलीचं तर ऐकाच. गुलामाचा नातू, हाताएवढ्या माउथ ऑर्गनवर अख्खी आगगाडी आणायचा, शिटी, वाफ, रूळ सगळं. गाण्याचं नाव 'पॅन अमेरिकन ब्लूज'. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा पहिल्या काळातला मोठा कलावंत. दौऱ्यावर गेला की बाकीच्यांना हॉटेल, याला नाही. १९४१ साली काढून टाकला. पुढं जन्मभर बूटपॉलिशचं दुकान. १९८२ साली मेला, अन् २००५ साली त्याला कंट्रीच्या मानकऱ्यांत बसवला. आपल्याकडे पण असंच आहे, मेलेला आपला माणूस सगळ्यांना चालतो.

जॉनी कॅश मले आवडते, लपवत नाही. लहानपणी आर्कान्सामध्ये कापूस वेचलेला माणूस, आवाजात ढेकळं आहेत. १३ जानेवारी १९६८ ला फॉलसम तुरुंगात कैद्यांपुढं गायला ती रेकॉर्ड मिळवा. कैदी कुठं ओरडतात तेवढं ऐकलं तरी पुष्कळ. पण ज्या डायस वसाहतीत तो वाढला ती सरकारनं गरीब शेतकऱ्यांसाठी वसवली होती, फक्त गोऱ्या गरिबांसाठी. काळ्याला तिथं घर नव्हतं. हे ठाऊक असून मी त्याला ऐकतो. एका मित्राला हे पटत नाही. आमचं भांडण चालू आहे.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. ट्रेसी चॅपमन या काळ्या बाईचं 'फास्ट कार' १९८८ चं. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या गायकानं तेच गायलं तेव्हा ते कंट्रीत पहिल्या नंबरला गेलं आणि कंट्रीवाल्यांनी त्या बाईला वर्षातल्या उत्तम गाण्याचं बक्षीस दिलं. काळ्या गीतकाराला ते बक्षीस पहिल्यांदाच. पस्तीस वर्षं गाणं तेच होतं, तोंड बदललं. दोन्ही ऐका. बाईचं आधी ऐका.

खरा वाद पुढं आहे. १२ जून १९६३ ला मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या चळवळीतल्या कार्यकर्त्याला त्याच्या घराच्या दारात गोळी घातली. त्यावर दोन गाणी झाली. एक बॉब डिलनचं 'ओन्ली अ पॉन इन देअर गेम'. डिलन म्हणतो, मारणारा गोरा गरीब, तो नुसतं प्यादं, खेळवणारे वर बसलेत. हे गाणं त्यानं त्याच जुलैत ग्रीनवूडला, मिसिसिपीतच, आणि पुढं ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात गायलं. हिंमत होती, मानलं. दुसरं नीना सिमोनचं, 'मिसिसिपी गॉडॅम', १९६४ चं. एव्हर्सच्या पाठोपाठ १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फोडून चार पोरी मारल्या, तेव्हा ती लिहायला बसली. चाल कशी, तर नाटकातल्या हलक्या गाण्यासारखी, टाळ्या वाजवाव्यात अशी. आणि आत नुसता अंगार. ती मारणाऱ्याचं कोडं सोडवत बसत नाही. हळू घ्या, दमानं घ्या म्हणणाऱ्यांना ती आधी धरते.

डिलनचं विश्लेषण चूक आहे काय? नाही. गावातल्या गरीब सवर्णाला अन् आपल्याला झुंजवणारे वर बसलेत हे आपणही सभेत बोलतो. पण २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले, तेव्हा मी लहान होतो, तरी घरात मोठी माणसं कशी गप्प बसली होती ते आठवते. त्या गप्प बसलेल्या घरात येऊन कोणी म्हणालं असतं की मारणारे बिचारे प्यादी आहेत, तर? प्याद्याच्या हातात कुऱ्हाड असते. ज्याचा मुडदा पडला त्यानं आधी प्याद्याला समजून घ्यावं ही अपेक्षा डिलनच्या गाण्यात नकळत येते, कारण तो दुसऱ्या बाजूनं बघतो. माझा कौल नीनाला. डिलन पुढच्या आठवड्यात ऐकावा.

याच कुळातलं बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट', १९३९. झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांवरचं. तिच्या नेहमीच्या कंपनीनं, कोलंबियानं, रेकॉर्ड करायला नकार दिला, मग कोमोडोर नावाच्या छोट्या दुकानदार कंपनीनं केलं. अन् लेडबेलीचं 'बुर्ज्वा ब्लूज': बायकोला घेऊन वॉशिंग्टनला गेला, राहायला खोली मिळेना, त्यावरचं गाणं. आडनाव विचारून खोली नाकारली गेली असेल तर त्या रात्री हे लावा.

रॉकचं एकच सांगतो. ब्लॅक सॅबथ. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची कारखान्यांच्या वस्तीतली चार पोरं. गाणारा ऑझी ऑस्बोर्न आधी कत्तलखान्यात कामाला होता. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात. वय सतरा, कामाचा शेवटचा दिवस, मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा सैल केल्या म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. पुढं तारा आणखी उतरवल्या, आवाज खाली गेला, जड झाला. १९७० ची त्यांची पहिली रेकॉर्ड घाला. लोक म्हणतात भुताखेताचं संगीत. मले त्यात भूत दिसलं नाही. मले आमचं खातं ऐकू आलं. तोच खालचा घुमणारा सूर, छातीत बसणारा. आमच्याकडे एकाचं बोट गेलं होतं. तो आता पानठेल्यावर बसतो. त्याला मी हे ऐकवलं अन् टोपणाची गोष्ट सांगितली. तो आपलं बोट बघत बसला, मग म्हणाला, आवाज वाढव.

आवाजाचं निघालंच आहे तर चौदा एप्रिलचं बोलतो. आपल्या मिरवणुकीत डीजे आला तेव्हापासून पांढरपेशे नाक मुरडतात. गणपतीत तेच नाक कुठं ठेवतात ठाऊक नाही. आवाज मोठा आहे ही माझी तक्रार नाही, वर्षातून एक दिवस रस्ता आपला असतो, वाजू द्या. माझी तक्रार अशी की त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून सिनेमाचीच चाल येते, शब्द धमकीचे अन् गुणगानाचे, अन् गाणारा कोण, रचणारा कोण कोणालाच ठाऊक नाही. आपल्या गावात पेटी-ढोलकीवाली गायन पार्टी होती. कव्वालीच्या अंगानं रात्रभर सवाल-जवाब व्हायचे. नागपूरकडे नागोराव पाटणकरांसारख्यांनी ती आंबेडकरी कव्वाली गाजवली. आमच्या पार्टीची पेटी आता विहाराच्या कपाटात आहे, भाता फाटलेला.

वामनदादा कर्डक आपल्याला तोंडपाठ आहेत, पण आपण ते ऐकतो काय? १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, २००४ साली गेले. मोठेपणी मुंबईत अक्षर शिकले. म्हणजे आधी कान, मग अक्षर. त्यांच्यात बाबासाहेबांवरची गाणी शेकड्यांनी आहेत, पण मोठमोठ्या मालकांची नावं घेऊन हिशोब मागणारीही आहेत, ती डीजेवर येत नाहीत. भीमराव कर्डकांच्या जलशाचं वाचा, त्यांचं पुस्तकच आहे: जुन्या तमाशाच्या सांगाड्यात नवा माल भरून तीसच्या दशकात ते गावोगाव फिरले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे तर मुंबईच्या गिरणीतून आलेले, १९४४ साली अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. आणि विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले, १५ जुलैला या शाहिरानं गळफास घेतला. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड', २०११ चा, त्याच्यापासून सुरू होतो. त्यात आपली इतकी गाणी आहेत की तो सिनेमा मी डोळे मिटूनही ऐकला आहे. बाकी एकतारीवाल्या कडूबाई खरात, जालंधरची गिन्नी माही, तेलंगणाचे २०२३ साली गेलेले गद्दर, हे तुमच्या मोबाईलमध्ये असतीलच.

एक गोष्ट मात्र मले अजून सुटत नाही. चेन्नईला 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' म्हणून पार्टी आहे. पा. रंजित यांच्या नीलम संस्थेनं अन् तेन्मा या संगीतकारानं उभी केली, जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम. नाव अयोथी दास पंडितांच्या 'जातिविरहित तमिळ' या शब्दावरून. चेन्नईच्या वस्तीतलं गाना, रॅप, रॉकची गिटार, अन् मधोमध परई. परई म्हणजे आपलं डफडंच. मयतीला वाजवायचं, म्हणून वाजवणारा बाटलेला. तिथल्या दलितांनी ते वाद्य परत उचललं, आता छाती काढून वाजवतात.

आपण उलट केलं. बाबासाहेबांच्या चळवळीत गावकीची कामं सोडली तशी डफडं सोडलं. माझ्या आबाजीनं पाटलाच्या लग्नात पोरवयात डफडं वाजवलं आहे, पायात चप्पल नाही, वरातीच्या पुढं, पंगत उठल्यावर जेवण. छप्पन्नच्या दीक्षेनंतर त्यांच्या बापानं घरातली डफडी फोडली. बरोबर केलं. याच्यावर वाद नाही. पण दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. आपण टाकलं ते डफडं मातंग भावांच्या गळ्यात राहिलं, आणि मग आपल्यातलेच काही त्यांना वाजंत्री म्हणून हिणवायला लागले. हे मी माझ्या कानानं आपल्याच मांडवात ऐकलं आहे. दुसरी गोष्ट, हात गेला. डीजेची चाल सिनेमाची आहे कारण आपला ठेका आपल्याकडे नाही.

मी आबाजीले मोबाईलवर कास्टलेस कलेक्टिव्ह ऐकवलं. पंचाऐंशीच्या घरातलं वय. शब्द तमिळ, मलेही समजत नाही. परई सुरू झाली तसा त्यांनी मोबाईल कानाला लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. उजव्या हाताची बोटं खाटेच्या ठाव्यावर होती, ती हलली की नाही मले शपथेवर सांगता येणार नाही. मग म्हणाले,

"चामडं तापवलं नाही बराबर. थंड वाजते."

मी म्हटलं, "आबाजी, शिकवता काय मले?"

"काहून? कोणाच्या वरातीत जाचं हाय तुले?"

"कोणाच्याच नाही. आपल्या कार्यक्रमात."

"नाही," म्हणाले, अन् मोबाईल परत दिला.

मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. चेन्नईवाले बरोबर वाटतात. मग आबाजीचे पाय आठवतात, अन् तेही बरोबर वाटतात. प्राध्यापक लोकांनी यावर लिहावं, पण आधी ऐकून लिहावं. तुमच्या गावाकडे कोणी डफडं परत धरलं असेल, कोणी धरू नये म्हणत असेल, तर या पानांवर कळवा. भांडण झालं तरी चालेल.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझी पहिली पाळी आहे. संध्याकाळी सहाला विहारात या. स्पीकर मावसभावाचा आहे, आणायचं ठरलं आहे. दोन तास फक्त ऐकायचं, भाषण नाही. पॅटन, एला मेचं गाणं, नीना, सॅबथ, वामनदादा, या क्रमानं लावणार. इंग्रजी गाण्यांचा मतलब मी वहीत उतरवला आहे, चुका असतील, ज्याला बरी येते त्यानं दुरुस्त करावा. बाया-पोरींनी यावं, मायच्या वयाच्या कोणाला जात्यावरच्या भीमाच्या ओव्या येत असतील तर त्यांना घेऊन या, त्या आधी होतील. आणि कोणाच्या ओळखीत पेटीचा भाता शिवणारा असेल तर सांगा, हिंगणघाटला मी दोन ठिकाणी विचारलं, कोणी करत नाही म्हणाले.